जांभ्याची घनता

आमच्या नातीचं माझ्याविषयीचं मत फारसं बरं नाही. ती नववीत आहे, म्हणजे मतं असायच्याच वयात आहे. "आजी, तू शाळेत शिकवायचीस हे खरंच वाटत नाही," असं ती मला अधूनमधून ऐकवते. मलाही वाटत नाही. पण पेन्शन येते, त्याअर्थी शिकवत असणार.

पहिलं एक वर्ष सोडलं तर इथेच, रत्नागिरीत, मी जन्मभर विज्ञान शिकवलं. शिकवलं म्हणण्यापेक्षा प्रयोगवह्या तपासल्या, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. त्या वेळची मी म्हणजे एक बघण्यासारखी वस्तू होते. कडक इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा, त्यावर अबोलीचा वळेसर आणि हातात लाल पेन. ते पेन मी देवळात जातानासुद्धा पिशवीत टाकत असे. न जाणो, वाटेत एखादी वही भेटली तर! मुलं मला घाबरतात अशी माझी समजूत होती. ती मला हसत होती हे कळायला फार वर्षं जावी लागली.

वही तपासायची माझी एक खास पद्धत होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान, दक्षता. पेनचं टोक पानावरून सरसर खाली जायचं. मथळा दिसला की खूण, मथळा दिसला की खूण. सगळे मथळे जागच्या जागी असले की शेवटी "पूर्ण" लिहून सही ठोकायची. एखादा गाळलेला असला की "अपूर्ण", आणि त्याखाली दोन रेघा. मथळ्यांच्या खाली काय लिहिलंय ते वाचत बसायला वेळ कुणाला होता? नव्या शिक्षिकांना मी वर उपदेशही करायची, "वाचत बसलात तर संपायचं नाही हो. सांगाडा बघायचा. सांगाडा पुरा असला की झालं."

हा सिद्धान्त कोसळला तो सांदणांपायी. आठवीतल्या एका मुलीने कार्बन डायऑक्साइडच्या प्रयोगाच्या जागी सांदणं कशी करायची ते लिहून दिलं होतं. उद्देश, सांदणं तयार करणे. साहित्य, बरक्या फणसाचा रस, तांदळाच्या कण्या, गूळ, नारळाचं दूध. आकृतीत इडलीपात्र होतं, बाण काढून नावं दिलेली. निरीक्षण, मिश्रण फुगून वर येते. अनुमान, सांदणं झाली. दक्षता, वाफ असताना झाकण उघडू नये. मी त्यावर "पूर्ण" लिहिलं होतं, आणि आकृतीला वेगळा शेरा दिला होता, "सुबक". ती वही शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरली. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, प्रयोग यशस्वी झालेला दिसतो, पण आम्हाला चाखायला मिळाला नाही." पुढचा आठवडाभर मी जेवणाची सुट्टी प्रयोगशाळेत काढली.

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी नात शाळेतून आली ती पडवीत दप्तर आपटूनच. चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत. एक इकडे, एक तुळशीपाशी.

"काय झालं गो?"

"काही नाही."

"काही नाही, म्हणजे किती गुणांचं काही नाही?"

तिने दप्तरातून प्रयोगवही काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. मधल्या एका पानावर लाल शाईत शेरा होता. "निरीक्षणे चुकीची. अनुमान नाही. प्रयोग अपूर्ण. सोमवारी पूर्ण करून आणणे." अक्षर सुरेख होतं. आणि खाली दोन रेघा.

भानगड अशी होती. सोमवारी त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि ज्याच्या वहीवर बाईंची "पूर्ण" अशी सही नसेल त्याला परीक्षेला बसू देणार नव्हते. सगळ्या वर्गाच्या वह्यांवर सह्या झाल्या होत्या. एकटी आमची राहिली होती. विज्ञान हा एकच विषय असा, की ज्याचा अभ्यास कर म्हणून तिला सांगावं लागत नाही. त्यातच नेमकी ही अपूर्ण. डोळे लाल झाले होते, पण माझ्यासमोर रडायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

मी चष्मा लावला. सवय कुठे जाते? बोट पानावरून सरसर खाली. प्रयोगाचं नाव, दगडाची घनता काढणे. उद्देश आहे. साहित्य आहे, "मोजपात्र, ताणकाटा, दोरा, पाणी, दगड". आकृती आहे, शिसपेन्सिलीने, टोक करून काढलेली. कृती आहे. दक्षता आहे. अनुमानाचा मथळा होता, खाली मात्र कोरं. आणि निरीक्षणाच्या कोष्टकात छापील ओळी तीन होत्या, हिने पट्टी लावून आणखी दोन आखल्या होत्या. पाचही ओळींत दगड टाकल्यावरची पाण्याची पातळी वेगवेगळी. प्रत्येक वेळी थोडी खाली. वजनाच्या रकान्यात उलटं, प्रत्येक वेळी थोडं जास्त.

"हे काय गो? दगड एक आणि वजनं पाच?"

"आली तशी लिहिली."

"पातळी बघताना डोळा पाण्याच्या रेषेत धरला होतास ना?"

"आजी, धरला होता. दगड टाकला, पाणी वर आलं, मी लिहायला घेतलं, परत बघितलं तर पाणी खाली. परत बघितलं, अजून खाली. बाईंना हाक मारली तर त्या म्हणाल्या, नीट बघ. त्यांच्याभोवती सगळा वर्ग होता. मग मी जे दिसलं ते सगळं लिहिलं. पण त्याचं उत्तर काय काढायचं तेच कळेना. म्हणून अनुमान लिहिलं नाही."

माझ्यातली जुनी विद्यार्थिनी लगेच जागी झाली. मी आवाज खाली आणला. "हे बघ, घाबरायचं कारण नाही. पुस्तकात दगडाची घनता किती दिली असेल ती घ्यायची. तिला वजनाने गुणायचं-भागायचं आणि उलट चालत चालत पाण्याच्या पातळीपर्यंत यायचं. तीन ओळींत तीन आकडे टाकायचे, मधला जरा इकडेतिकडे करायचा, म्हणजे खरं वाटतं."

"म्हणजे खोटे आकडे?"

"खोटे कसले? कॉलेजात मी याच्यावरच पहिली आले होते. लंबकाचा प्रयोग होता. माझं उत्तर दशांशापर्यंत बरोब्बर. सरांनी माझी वही वर्गात दाखवली. मग विचारलं, स्टॉपवॉच कुठलं वापरलंस? मी म्हटलं, टेबलावरचं. तर म्हणाले, ते दिवाळीपासून बंद आहे."

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. "आणि तू हे मला शिकवतेयस?"

"त्यात वाईट काय आहे? त्या वेळी याला हुशारी म्हणायचे."

तेवढ्यात सून आतून आली. ती घरी केकच्या ऑर्डरी घेते. कोपरापर्यंत मैदा होता. "आई, काहीतरीच काय सांगता तिला!" असं मला म्हणाली आणि लगेच लेकीकडे वळली. "मैत्रिणीची वही आण, तिचे आकडे उतरवून काढ आणि मोकळी हो. परीक्षेला बसायला मिळालं नाही तर काय करणार आहेस?"

सासूने सांगितलं ते काहीतरीच आणि आईने सांगितलं तो व्यवहार. असो.

"मैत्रिणीने पण उतरवूनच काढलंय," नात म्हणाली.

"मग जिचं उतरवलं तिची आण."

"तिने पण. सगळ्यांनी एकाचंच घेतलंय. त्याने भाट्याच्या समुद्राकाठच्या पुळणीवरून एक काळा गोटा आणला होता, गुळगुळीत. त्याचं उत्तर नीट आलं. मग सगळ्यांनी तेच लिहिलं, कुणी एकाने वाढवून, कुणी एकाने कमी करून."

शाळेतले धातूचे गोळे कधीच हरवले होते, म्हणून बाईंनी प्रत्येकाला घरून मोजपात्रात मावेल एवढा दगड आणायला सांगितला होता. प्रत्येकाने आपापल्या परसातून आणला. वर्गभर दगड होते आणि सगळ्यांची घनता एक निघाली होती. ती मोजलेली होती एका गोट्याची.

"तू पण तेच का नाही केलंस मग?" सुनेने विचारलं.

"पाणी खाली गेलं ना, आई. मी बघितलं ना ते. मग ते मी कुठे लिहायचं?"

  पाणी खाली गेलं हे लिहायला कुठलाच मथळा पुरत नव्हता. सून हात झटकत आत गेली, आणि मी म्हटलं, "उद्या रविवार आहे. आपण करून बघू."

रविवारी सकाळी चहा झाल्यावर आम्ही मागीलदारी बसलो. शाळेत पंधरवड्यापूर्वी नेलेला दगड तिच्या दप्तरातच होता, तळाशी, खडखडीत वाळलेला, डब्यातल्या चटणीचा वास लागलेला. सुनेचा केकचा इलेक्ट्रॉनिक काटा मोठ्या मिनतवारीने मिळाला. "ओला करायचा नाही, मला उद्या ऑर्डर आहे," असं तीनदा बजावून. मोजपात्र घरात कुठलं? तेव्हा जुनी युक्ती काढली. चोच असलेलं एक भांडं चोचीपर्यंत पाण्याने भरायचं, दगड आत सोडायचा आणि चोचीतून सांडेल ते पाणी वाटीत धरून वजन करायचं. पाणी जितके ग्रॅम तितकंच त्याचं आकारमान, एवढं विज्ञान माझ्या डोक्यात अजून शिल्लक आहे.

आमचे हे झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. पेपरच्या आडून आवाज आला. "तो दगड कुठला गो?"

"गडग्यातला," नात म्हणाली.

गडगा म्हणजे आमच्या नारळी-पोफळीच्या आगराभोवतीची दगडांवर दगड रचून केलेली बांधणी. तिच्यात ना सिमेंट, ना माती. यांचा त्या गडग्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. पेपर खाली आला.

"म्हणजे फणसाजवळ भोक पडलंय, ते तू पाडलंस? आणि मी गेले पंधरा दिवस शेजाऱ्यांच्या त्या मोकाट पाड्याला शिव्या घालतोय!"

"आजोबा, एकच छोटासा तुकडा होता. मधला."

"मधलाच! अगो, मधला काढला की वरचे बसतात काय जागेवर?"

"अहो, विज्ञानासाठी काढलाय," मी म्हटलं.

"विज्ञानाला समुद्र कमी पडला काय? तिथे दगडच दगड आहेत." आणि पेपर परत वर गेला. पण त्यानंतर पान उलटल्याचा आवाज काही आला नाही. ऐकत होते.

नातीने दगडाचं वजन केलं. मग दोऱ्याने बांधून तो हळूच भांड्यात सोडला. चोचीतून पाणी वाटीत पडलं. आणि दगडातून बुडबुडे यायला लागले. आधी मोठे, मग बारीक, सरळ रेषेत वर येणारे. कान जवळ नेला तर चुर्र असा आवाज येत होता, तापल्या तव्यावर ओला हात टेकवावा तसा, पण फार हळू. बघता बघता पाणी चोचीच्या खाली उतरलं.

"बघ!" नात ओरडली. "बघ, जातंय की नाही खाली?"

"जाणारच," मी म्हटलं. "जांभाच तो. पाणी पितोच."

नात माझ्याकडे बघतच राहिली.

स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली, "म्हणून तर न्हाणीघराच्या भिंतीला सारखी ओल येते."

झोपाळ्यावरून आवाज आला, "बांधकामाच्या आधी जांभ्याचे चिरे भिजवून घेतात ते काय उगाच? नाहीतर सगळ्या सिमेंटचं पाणी तेच पिऊन टाकतील."

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?" नात उभी राहिली. "तुला पण? काल तू मला खोटे आकडे शिकवत होतीस, तेव्हा पण माहीत होतं?"

आता काय सांगू? माहीत होतं. आमचा कोकणातला हा तांबडा, भोकाभोकांचा जांभा पाणी पितो हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पण हे विज्ञान आहे असं मला कधी सुचलं नव्हतं. विज्ञान म्हणजे मोजपात्र आणि कोष्टक, आणि जांभा म्हणजे न्हाणीघराची भिंत. वहीत "दगड" असं वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर जांभाच होता, आणि तरी निरीक्षणं चुकलीत असंच मला वाटलं. एवढा सांगाडा बघून काय उपयोग झाला?

"तूही बाईंना सांगायचंस ना, की हा जांभा आहे म्हणून," मी सावरून घेतलं.

"मला वाटलं, त्यांना दिसतोय."

"बाई कुठल्या तुमच्या?"

"कोल्हापूरकडच्या. यंदाच आल्यात. माळनाक्याला खोली घेऊन राहतात."

मी वही परत उघडली. साहित्य. मोजपात्र, ताणकाटा, दोरा, पाणी, दगड. यावर काल माझं बोट सरसर खाली गेलं होतं.

"अगो, कुठला दगड ते तू लिहिलंच नाहीस!"

"सगळे तसेच तर असतात," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "त्यांच्याकडे नसतात?"

नसतात. तिकडे घाटावर घराच्या पायऱ्यांपासून देवळाच्या खांबांपर्यंत काळा कातळ. पाण्यात टाका नाहीतर तेलात, तो आहे तसाच राहतो. त्या बाई जन्मभर तो दगड बघत आल्या. इथे येऊन त्यांनी आमची घरं बघितली असतील, पण गिलावा केलेली, रंगवलेली. वर्गात भोवती सगळी मुलं, कुणी पाणी सांडतंय, कुणी काट्याला लटकतंय. त्यात एक मुलगी म्हणते, माझं पाणी खाली जातंय. नीट बघ, एवढंच म्हणणार ना कुणीही? आणि मग वह्या तपासायला बसल्यावर ढिगातल्या सगळ्या वह्यांत एक उत्तर, एका वहीत भलतंच. मला त्या बाईंची एकदम माया आली. परक्या गावातलं पहिलं वर्ष, एका खोलीचा संसार, संध्याकाळी स्टोव्हवर भात टाकून वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचा. मीसुद्धा नोकरीच्या पहिल्या वर्षी संगमेश्वरला अशीच राहत होते. फरक एवढाच, की मी असते तर शेरा लिहायलाही थांबले नसते.

"मी फोन करून सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"नको," नात म्हणाली. "आधी पुरं करू."

दगड बुडबुडे सोडत होता, म्हणून तो तसाच पाण्यात ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. ती मधूनच उठून बघून यायची. सून म्हणाली, "खीर आटवतेयस का?" जेवण झालं, यांची वामकुक्षी झाली, तेव्हा कुठे बुडबुडे थांबले. मग ओला दगड काढून, वरचं पाणी फडक्याने टिपून वजन केलं. सकाळपेक्षा चांगलं वाढलं होतं.

"आता खरं वजन कुठलं धरायचं?" मी मुद्दाम विचारलं. खरं म्हणजे मुद्दाम नाही. मलाही ठरवता येत नव्हतं.

ती दगड हातात फिरवत बसली. मग आत गेली आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन आली. दगडाभोवती दोरा गुंडाळून तिने त्यावर खूण केली. सकाळी कोरड्या दगडाभोवती बांधलेल्या दोऱ्याचा फास काढून त्याला लावून बघितला. तेवढाच.

"आजी, हा भिजून फुगला नाही. पाणी आतल्या भोकांत गेलंय. म्हणजे आकारमान तेवढंच आहे. मग आता याला पाण्यात टाकलं तर पातळी खाली जाणारच नाही. पोट भरलंय त्याचं. आता जेवढं पाणी सांडेल ते याचं खरं आकारमान. आणि वजन सकाळचं, कोरडं असतानाचं."

मी विज्ञानाची निवृत्त शिक्षिका. तोंड उघडं टाकून ऐकत होते. झोपाळ्यावरून आवाज आला, "पोरगी यांच्यावर गेलेली नाही." यांच्यावर म्हणजे माझ्यावर.

भांडं पुन्हा भरलं, भिजलेला दगड सोडला. चोचीतून पाणी सांडलं आणि पातळी जागेवर राहिली. आम्ही दोघी वाकून बघत होतो. एक बुडबुडा नाही. तिने गणित केलं. कोरड्या जांभ्याची घनता पाण्याच्या दुपटीला जरा कमी आली. त्या काळ्या गोट्याची पाण्याच्या जवळजवळ तिप्पट होती.

मग लिहायला बसली. मी शेजारी खुर्ची ओढली. "लिही, सच्छिद्र पाषाण असल्यामुळे..."

"आजी, तू नको सांगू."

"अगो, शब्द तरी सांगू दे."

"मला पाषाण म्हणायचं नाही. दगडच म्हणायचं आहे."

तिने आधीची पाच ओळींची निरीक्षणं खोडली नाहीत. तशीच ठेवली आणि खाली नवं कोष्टक जोडलं. साहित्यात "दगड" पुढे लिहिलं, "जांभा, आमच्या गडग्यातला, उन्हात वाळलेला." अनुमानात लिहिलं, "जांभा पाणी शोषतो, म्हणून मोजपात्रातली पातळी खाली जाते आणि दगडाचे वजन वाढते. म्हणून आधी कोरडे वजन करावे, मग बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावा आणि नंतर आकारमान मोजावे. पहिली निरीक्षणे चुकीची नाहीत. ती दगड पाणी पीत असतानाची आहेत." शेवटची दोन वाक्यं मला जरा उद्धट वाटली. मी तसं म्हटलंही. तिने ती ठेवली.

संध्याकाळी तिने आजोबांची रीतसर परवानगी काढून गडग्यातला दुसरा एक कोरडा तुकडा घेतला. यांनीच निवडून दिला. "हा घे, हा वरचा आहे. याने काही कोसळत नाही." पहिला भिजलेला होता, तो वाळायला कितीतरी दिवस जाणार. "बाईंनी विश्वास ठेवला नाही तर दाखवायला," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी साडी बदलून तयार बसले होते. ती म्हणाली, "तू कुठे?"

"येते की शाळेपर्यंत."

"नको. तू आलीस की तू बोलशील."

खरं होतं ते. मग मी घरीच राहिले. तांदूळ निवडले. निवडलेले परत निवडले. कपाटातली भांडी काढून पुन्हा तशीच लावली. सून म्हणाली, "आई, परीक्षा तिची आहे." मला राहून राहून तो लाल शेरा दिसत होता. तिला बाहेर उभं केलं तर? सगळी मुलं आत आणि आमची दगड हातात घेऊन व्हरांड्यात! परवाच मी दामटून तीन आकडे लिहून घेतले असते तर आत्ता आत बसली असती, असंही मनात येऊन गेलं. आलं ते आलं, खोटं कशाला सांगू?

दुपारी फाटक वाजलं. चपला दोन्ही जागच्या जागी निघाल्या, त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

"सही झाली?"

"आधी भूक लागलीय."

पान वाढलं. भातावर आमटी घेता घेता तिने सांगितलं ते असं. बाईंनी उभ्याउभ्याच वही वाचली. मग विचारलं, "हे तुला कुणी लिहून दिलं?" ही म्हणाली, कुणी नाही. "घरात कुणी विज्ञानाचं आहे?" ही म्हणाली, "आजी विज्ञानाची शिक्षिका होती." "मग त्यांनीच सांगितलं असणार." तर आमची नात भर वर्गात म्हणाली, "नाही बाई. आजी तर आकडे बनवून लिही म्हणत होती."

"असं सांगितलंस?" माझा वाढायचा डाव हातातच राहिला.

"मग खोटं बोलू?"

सून तोंडाला पदर लावून फिरली.

"मग बाई काय म्हणाल्या?"

"माझ्याकडून कोरडा दगड घेतला, मोजपात्रात टाकला आणि वाकून बघत राहिल्या. किती वेळ! मागे मुलं बोलायला लागली तरी त्यांचं लक्ष नाही. पाणी खाली गेलं, तशा त्या आणखी वाकल्या. मग वर बघून म्हणाल्या, इथले सगळे दगड असेच असतात? तर सगळा वर्ग ओरडला, हो बाई! मग त्यांनी टेबलावरच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, मग तुमच्या कुणाच्याच दगडाचं पाणी खाली कसं गेलं नाही?"

"आणि?"

"सगळे एकदम बाकाखाली पेन शोधायला लागले."

बाईंनी आधी हिच्या वहीवर सही केली. आपला लाल शेरा एका रेघेने खोडला आणि शेजारी "पूर्ण" लिहिलं. परीक्षा सगळ्यांची घेतली, तेवढी माणुसकी होती बाईंत. पण घनतेचा प्रयोग बाकीच्यांनी बुधवारपर्यंत पुन्हा करून आणायचा, आपापल्या दगडावर, असं सांगितलं.

"आता सगळे माझ्यावर चिडलेत," नात म्हणाली. ताटात बोट फिरवत होती. "माझ्याशी कुणी बोललं नाही येताना."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.  आणखी भात वाढला. तिने तो खाल्ला, हे बरं झालं.

संध्याकाळपासून फोन सुरू झाला. तो घेतला मी. पलीकडे तिच्या मैत्रिणीची आई. "आजी, तो जांभा किती वेळ भिजत घालायचा हो?" जसा काही वाल भिजत घालायचा आहे. मी सांगायला तोंड उघडणार, तोच नात आतून धावत आली. दोन्ही हात हलवत, दबक्या आवाजात, "आजी, सांगू नकोस! त्यांचं त्यांना बघू दे!"

मी फोनमध्ये म्हटलं, "अहो, आता कुठे आठवतंय? वय झालं माझं."